पीआयएम ५.० वरून ७.० वर: सिंचन साहित्याच्या सहा हजार नगांची माहिती हलवतानाच्या नोंदी

सांगली जिल्ह्यातील सिंचन साहित्याच्या एका घाऊक पेढीत उत्पादनांच्या माहितीचे काम माझ्याकडे आहे. पाईप, फिटिंग, ठिबक, तुषार आणि पंप असे सर्व मिळून ६,३८० नग आहेत. त्यांची माहिती २०२१ पासून अकेनिओ या पीआयएमच्या, म्हणजे उत्पादनांची माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, सामुदायिक आवृत्ती ५.० मध्ये होती, मात्र ती एखाद्या मोठ्या एक्सेल तक्त्यासारखी सपाट भरलेली होती. नव्या आवृत्तीवर जाण्याच्या निमित्ताने हा तक्ता मोडून नीट रचना करावी, असे शेठजींशी बोलून ठरले. दीड महिन्याचे काम तीन महिन्यांवर गेले, आणि त्यातला बराच वेळ माझ्याच निर्णयांनी खाल्ला. हेच काम कुणी हाती घेणार असेल, तर त्याला उपयोगी पडावे म्हणून रोजच्या टिपणांतील निवडक नोंदी येथे उतरवत आहे.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

चालू प्रणालीला हात न लावता एका वेगळ्या भाड्याच्या सर्व्हरवर तिची पूर्ण प्रत उभी केली. ५.० वरून थेट ७.० वर उडी मारता येत नाही, मध्ये ६.० चा मुक्काम करावाच लागतो. ७.० ला पीएचपी ८.१, माहिती साठवणारे मायएसक्यूएल ८.० आणि शोधासाठीचे इलॅस्टिकसर्च ८.४ लागते. पहिल्याच दिवशी इलॅस्टिकसर्च सुरू होताच बंद पडू लागले. लिनक्समधील मेमरी-नकाशांची मर्यादा किमान २,६२,१४४ असावी लागते आणि आमच्या सर्व्हरवर ती मूळच्या ६५,५३० वरच होती. एका ओळीची दुरुस्ती, पण ती सापडेपर्यंत दुपार गेली. ८ जीबी मेमरी अपुरी पडत असल्याने १६ जीबीचा सर्व्हर घेतला, म्हणजे महिना २,९०० रुपयांचा वाढीव खर्च.

७ ऑगस्ट

६.० चढले, पडदे उघडले, उत्पादने दिसली, म्हणून मी समाधानाने घरी गेलो. सकाळी पाहतो तर रात्री लावलेली आयात ‘सुरू होत आहे’ याच अवस्थेत अडकलेली. मागे चालणारी कामे उचलण्याची पद्धत ६.० मध्ये बदलली आहे. ५.० मधील रांग-सेवकाची जुनी आज्ञा जाऊन तिच्या जागी सिम्फनीच्या मेसेंजरची आज्ञा आली आहे, आणि तिला कामांच्या तिन्ही रांगांची नावे द्यावी लागतात. मागची कामे चालू ठेवणाऱ्या आमच्या सुपरव्हायझर या प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये जुनीच आज्ञा होती. ती बिचारी दर काही सेकंदांनी सुरू होऊन मरत होती आणि नोंदीच्या फाईलमध्ये तक्रार करत होती, पण ती फाईल मी उघडलीच नव्हती. आवृत्ती बदलल्यावर पडदे पाहण्याआधी एक छोटी आयात चालवून पाहावी, हे येथे लिहून ठेवतो.

१२ ऑगस्ट

७.० वर पोहोचलो. या आवृत्तीतील सर्वांत खोल बदल असा की, प्रत्येक उत्पादनाला आता यूयूआयडी म्हणजे आतला कायमचा क्रमांक मिळतो, आणि आपला एसकेयू, म्हणजे आपण नगाला दिलेला संकेत, हा त्या उत्पादनाचा केवळ एक गुणधर्म उरतो. जुन्या नोंदींना हा क्रमांक देण्याची स्थलांतर-आज्ञा आमच्या ६,३८० नगांवर काही मिनिटांतच आटोपली.

याचा उपयोग आम्हाला लगेच झाला. एका ग्रोमेटच्या एसकेयूमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टंकला गेला होता. पूर्वी असा एसकेयू दुरुस्त केला की आमची किमतींची स्क्रिप्ट जुन्याच एसकेयूने माहिती पाठवत राही, आणि एपीआयला (स्क्रिप्ट ज्यातून प्रणालीशी बोलते त्या मार्गाला) तो एसकेयू सापडला नाही की तो चूक न सांगता नवे उत्पादन तयार करून मोकळा होई, कारण ‘असेल तर बदल, नसेल तर निर्माण कर’ हीच त्या मार्गाची रीत आहे. शोधल्यावर अशी २३ भुताटकीची उत्पादने निघाली. त्यांना ना फोटो, ना नाव, फक्त किंमत. आता स्क्रिप्ट यूयूआयडीच्या मार्गाने माहिती पाठवते. स्क्रिप्ट बदलायला दीड दिवस लागला.

१८ ऑगस्ट

आजपासून खरे काम सुरू झाले: सपाट नगांचे ‘मॉडेल आणि प्रकार’ अशा रचनेत रूपांतर. यूपीव्हीसी पाईप ही वस्तू एकच, पण २० पासून ११० मि.मी.पर्यंतचे व्यास आणि ४, ६, १० किलो अशा दाबांचे वर्ग धरले की तिचे डझनावारी नग होतात. आमच्याकडे प्रत्येक नगावर तेच वर्णन, तोच आयएस ४९८५ या मानकाचा उल्लेख आणि तोच एचएसएन (करासाठी मालाचे वर्गीकरण करणारा) क्रमांक वेगवेगळा टंकलेला होता, आणि त्यामुळे तो ठिकठिकाणी वेगळा झालेला होता. मॉडेलच्या रचनेत ही समान माहिती वर एकदाच लिहायची आणि खाली फक्त बदलणारी ठेवायची, अशी सोय आहे. ही सोय ५.० मध्येही होती, पण आम्ही ती वापरलीच नव्हती. तेव्हा तिला नवे वैशिष्ट्य म्हणताना मला थोडा संकोच वाटतो.

पहिली अडचण म्हणजे आमचा ‘साईज’ हा गुणधर्म मजकूर प्रकारचा होता. मजकूर हा प्रकारांचा अक्ष (ज्या गुणधर्माने प्रकार एकमेकांपासून वेगळे होतात तो) होऊ शकत नाही, आणि एकदा निर्माण केलेल्या गुणधर्माचा प्रकार बदलता येत नाही. म्हणून नवा गुणधर्म करून त्यात माहिती हलवणे आले.

तो नवा गुणधर्म मी मोठ्या उत्साहाने ‘मापन’ प्रकारचा केला. संख्या आणि एकक वेगळे राहील, मि.मी. आणि इंच यांचे रूपांतर प्रणालीच करील, असा विचार होता. काउंटरवरचे आमचे जुने सहकारी चाचणीचा पडदा पाहत होते. ते म्हणाले, “सर, हा अडीच इंची पाईप तुम्ही त्रेसष्टचा केलाय.” पाहिले तर खरेच. अडीच इंच गुणिले २५.४ म्हणजे ६३.५ मि.मी. गणित बिनचूक होते आणि माल चुकीचा. बाजारात अडीच इंची म्हणजे ७५ मि.मी. बाह्य व्यासाचा पाईप. ६३ मि.मी.चा पाईप दोन इंची, ९० चा तीन इंची आणि ११० चा चार इंची. इंच हे पाईपचे बोलीतले नाव आहे, ते मोजमाप नव्हे, आणि शेतकरी ते नाव घेऊनच दुकानात येतो. मापन प्रकार रद्द केला. व्यास आता निवडयादीच्या प्रकारात आहे आणि पर्यायाचे मराठी लेबल ‘७५ मि.मी. (अडीच इंच)’ असे आहे. पर्यायाच्या संकेतात मात्र देवनागरी चालत नाही, तेथे रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढेच चालते.

२१ ऑगस्ट

दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडली. दोन पातळ्यांपैकी वरच्या पातळीवर मी दाबाचा वर्ग ठेवला आणि खालच्या पातळीवर व्यास, कारण उत्पादकांच्या पत्रकांत तसाच क्रम असतो. विक्रीचे पत्रक छापून पाहिले तेव्हा कळले की आमचा ग्राहक आधी व्यास विचारतो आणि मग ‘चार किलो की सहा किलो’ हे ठरवतो. अक्षांची रचना एकदा जतन केली की ती बदलता येत नाही. म्हणून मी मॉडेले काढून टाकली, आणि मॉडेलबरोबर त्याच्या खालचे सगळे प्रकारही गेले. सूचना पडद्यावर आली होती, ती मी वाचली नाही. १४२ नग, त्यांचे फोटो आणि दोन दिवसांची दुरुस्ती गेली. चाचणीचा सर्व्हर होता म्हणून मालाची विक्री थांबली नाही. रात्रीची प्रत परत चढवली.

योग्य वाट अशी: आधी प्रकारांचे नाते तोडून त्यांना पुन्हा साधी उत्पादने करावे, ते आयातीतून किंवा एपीआयमधून होते, मग रिकामी झालेली मॉडेले काढावीत, आणि नंतर नव्या रचनेखाली नग जोडावेत. त्याहून बरे म्हणजे रचना भरण्यापूर्वी ती कागदावर काढून काउंटरवरच्या माणसाला दाखवावी. हे मी २५ तारखेला केले. वीस मिनिटे लागली.

१ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर आयातीचे काम पुन्हा हाती घेतले. दोन महाविद्यालयीन मुले प्रत्येकी ६०० रुपये रोजाने ११ दिवस माहिती भरण्यासाठी घेतली, एकूण १३,२०० रुपये. मुले चोख होती. घात एक्सेलने केला.

अर्ध्या इंचाच्या नळाच्या रकान्यात १/२ लिहिले की एक्सेल त्याची ‘१ फेब्रुवारी’ करते, आणि ३/४ ची ‘३ एप्रिल’. आमच्या प्रणालीत अर्धा दिवस ‘फेब्रुवारी’ मापाचे बॉल व्हॉल्व्ह होते. बारकोडचे तेरा आकडी क्रमांक ८.९०ई+१२ असे दिसू लागले. तसाच तक्ता सीएसव्हीमध्ये जतन झाला की पुढचे आकडे कायमचे जातात, आणि पुन्हा उघडल्यावर ८९० च्या मागे दहा शून्ये उरतात. या क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दशकापर्यंत न्यायला जो अंक लागतो तोच तेरावा. दहा शून्यांच्या त्या बनावट क्रमांकाचा तेरावा अंक या हिशेबाने ५ यायला हवा, म्हणजे साधी तपासणी असती तरी तो अडला असता. आमच्याकडे तपासणी नव्हती. आता आयातीआधी एक छोटी स्क्रिप्ट हा हिशेब करते आणि चुकलेल्या ओळी बाजूला काढते. ८८ बारकोड खोक्यांवरून पुन्हा टंकावे लागले. गोदामात एक दिवस गेला.

४ सप्टेंबर

काल रात्री वस्तू व सेवा कर परिषदेचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून ठिबक संच, त्यांच्या लॅटरल (पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या नळ्या) आणि तुषार संच यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के होणार. साधे पाईप आणि विद्युत पंप १८ टक्क्यांवरच राहणार. निर्णय आनंदाचा, पण आमच्या प्रणालीत कराचा दर मजकूर म्हणून प्रत्येक नगावर लिहिलेला होता, आणि तोही ‘१२%’, ‘१२ %’, ‘12’ आणि एके ठिकाणी ‘बारा’ असा. अठरा दिवस हातात होते.

ठरवले ते असे. एचएसएन मॉडेलच्या वरच्या पातळीवर, दर निवडयादीतून, आणि विक्रीच्या प्रणालीकडे दर पाठवायचा तो एचएसएनच्या एका वेगळ्या तक्त्यावरून, म्हणजे पुढच्या बदलाला नगांना हात लावावा लागणार नाही. एक गुंता मात्र संगणकाने सुटणारा नव्हता. १६ मि.मी.ची नळी एका उत्पादकाच्या बिलावर ८४२४ (ठिबक-तुषार) खाली येते आणि दुसऱ्याच्या बिलावर ३९१७ (साधे पाईप) खाली. पूर्वी या फरकाकडे डोळेझाक झाली होती, आता तो १८ आणि ५ मधला फरक आहे. ती ३१ नगांची यादी कर सल्लागारांकडे पाठवली आणि त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत त्या नगांना हात लावला नाही.

१० सप्टेंबर

मराठी नावांचा दिवस. जुनी नावे यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली होती आणि ती रूपांतरकातून काढली होती. शोधखिडकीत ‘ॲडॉप्टर’ टंकले तर ३८ नग येतात, आणि डोळ्यांनी मोजले तर ६१ आहेत. कारण असे की ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येते, आणि ‘अ’ वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येते. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी आहेत, आणि यूनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. ‘दाब सोसणाऱ्या’ यातील ऱ्य चीही तीच गत. कुठे नुक्त्याचा र, कुठे साध्या र च्या मागे अदृश्य जोडचिन्ह, तर रूपांतरकाच्या कृपेने कुठे सरळ ‘सोसणार्या’. अदलाबदलीचा नऊ ओळींचा तक्ता केला आणि तो आता प्रत्येक आयातीआधी चालतो. हे काम मराठीत करणाऱ्या प्रत्येकाला करावे लागणार आहे, कोणत्याही नव्या आवृत्तीत ते आयते मिळणार नाही.

मराठी ही भाषा वाहिनीला (माहिती जिथे पाठवायची त्या ठिकाणाला, जसे संकेतस्थळ) जोडलेली असली की उत्पादनाच्या पूर्णतेची टक्केवारी मराठीसाठी वेगळी दिसते. ती पाहिल्यावरच कळले की इंग्रजी नावे ९६ टक्के भरलेली आहेत आणि मराठी ५१.

१६ सप्टेंबर

कराचे बदल एपीआयमधून ढकलण्याची तालीम केली. एका खेपेला जास्तीत जास्त १०० उत्पादने पाठवता येतात, म्हणून ठिबक आणि तुषारच्या १,१९० नगांच्या बारा खेपा केल्या. बाराही खेपांना २०० हे यशाचे उत्तर आले. संध्याकाळी दहा नग सहज उघडून पाहिले, त्यांतल्या चारांवर जुनाच दर.

समूहाने पाठवताना बाहेरचे २०० एवढेच सांगते की विनंती पोहोचली आणि वाचली गेली. प्रत्येक उत्पादनाचा निकाल उत्तराच्या मजकुरात ओळीओळीने येतो आणि त्यांत ४२२ म्हणजे नाकारलेल्या नोंदीही असतात. माझी स्क्रिप्ट फक्त बाहेरचा आकडा पाहत होती. मजकूर उलगडला तेव्हा ४१२ ओळी नाकारलेल्या निघाल्या. एचएसएन आता मॉडेलच्या मालकीचा आहे, हे मी स्क्रिप्टमध्ये धरलेच नव्हते. मॉडेलसाठी वेगळा मार्ग वापरला, नाकारलेल्या ओळी वेगळ्या फाईलमध्ये काढायची सोय केली, आणि आता ती फाईल रिकामी असल्याशिवाय काम झाले असे मी म्हणत नाही. घटस्थापनेच्या, म्हणजे २२ तारखेच्या, सकाळी हे लक्षात आले असते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

२२ सप्टेंबर

नवी प्रणाली कालच्या रविवारी चालू केली. आज सकाळी दर बदलले, नाकारलेल्यांची फाईल रिकामी. दुपारी एक बिल जुन्या दराने निघाले, ते विक्रीच्या संगणकावर जुना तक्ता साठवून ठेवल्यामुळे. बाकी दिवस शांत गेला. कर सल्लागारांचे उत्तर शनिवारी आले होते: ३१ पैकी २४ नग ८४२४ मध्ये.

२९ सप्टेंबर

काउंटरवरून तक्रार: नवे भरलेले नग यादीत दिसत नाहीत. नग थेट दुव्याने उघडतात, माहिती पूर्ण आहे, पण यादीत आणि शोधात नाहीत. उत्पादने मायएसक्यूएलमध्ये जतन होतात आणि यादी इलॅस्टिकसर्चमधून येते. डिस्क ९५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च स्वतःच्या अनुक्रमणिका केवळ वाचनापुरत्या ठेवते. डिस्क कशाने भरली? माझ्या रात्रीच्या प्रतींनी. २१ ऑगस्टच्या धसक्याने मी रोजची पूर्ण प्रत त्याच डिस्कवर ठेवू लागलो होतो आणि जुन्या काढायला विसरलो होतो. प्रती दुसरीकडे हलवल्या, जागा झाल्यावर कुलूप आपोआप निघाले, मग सर्व उत्पादनांची अनुक्रमणिका पुन्हा बांधली. अडीच तास. आता डिस्क ८० टक्क्यांवर गेली की फोनवर संदेश येतो.

६ ऑक्टोबर

पंप. पाईपबाबत नाकारलेला मापन प्रकार येथे चालेल असे वाटले, कारण अश्वशक्ती हे खरे मोजमाप आहे. मापनांच्या यादीत आपले एकक भरण्याची सोय आहे, तेथे अश्वशक्ती भरून ‘७४६ ने गुणावे’ असे लिहिले, आणि संकेतस्थळाच्या वाहिनीसाठी रूपांतर किलोवॉटमध्ये लावले. ५ एचपीचे ३.७३ किलोवॉट, ७.५ चे ५.५९५ आणि १० चे ७.४६ असे आकडे बाहेर पडले. पंपावरच्या पाटीवर मात्र ३.७, ५.५ आणि ७.५ असते, कारण ती ठरावीक मानांकने आहेत आणि कधी खाली तर कधी वर गोळा केलेली असतात. पाटी आणि संकेतस्थळ यांत फरक दिसला की ग्राहक पाटीवर नव्हे, आपल्यावर संशय घेतो. वाहिनीवरचे रूपांतर बंद केले. एचपी आणि किलोवॉट हे दोन वेगळे गुणधर्म ठेवले आणि दोन्ही पाटी पाहून भरले. हेड (पाणी चढवण्याची उंची) आणि विसर्ग यांना मात्र रूपांतर छान चालते: लिटर प्रति सेकंदाचे लिटर प्रति तास करताना तक्रार आली नाही.

१३ ऑक्टोबर

मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे संख्येसह जोडणी. एका ‘संच’ उत्पादनाला त्यातले भाग आणि प्रत्येकाची संख्या जोडता येते. एकरी ठिबक संच आम्ही आजवर वहीत लिहून देत होतो. आता एक एकर ऊस, पाच फुटी सरी: ४३,५६० चौरस फूट भागिले ५ म्हणजे ८,७१२ फूट, म्हणजे सुमारे २,६५५ मीटर लॅटरल. त्यासोबत ग्रोमेट, टेक ऑफ, एंड कॅप, फिल्टर, व्हेंच्युरी.

संख्येच्या घरात पूर्णांकच चालतो आणि त्याला एकक नसते. एका मुलाने मीटर लिहिले, दुसऱ्याने गुंडाळ्या. पहिल्या छापील अंदाजपत्रकात एक एकराला ५०० मीटरच्या २,६५५ गुंडाळ्या आल्या. शेठजींनी तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “सव्वातेराशे किलोमीटर नळी कुठल्या एकरात घालायची?” आता नियम असा की जोडणी नेहमी विकण्याच्या नगाशी करायची, म्हणजे ५०० मीटरच्या ६ गुंडाळ्या, आणि मीटरचा आकडा संचाच्या वर्णनात लिहायचा. असे १४ संच झाले आहेत.

२७ ऑक्टोबर

पूर्णतेचा हिशेब. सुरुवातीला मी प्रत्येक कुटुंबात (समान गुणधर्मांच्या उत्पादनांच्या गटात) ४१ गुणधर्म आवश्यक ठरवले होते. कोणतेच उत्पादन शंभर टक्क्यांवर पोहोचेना, आणि तांबडे आकडे पाहून पाहून सर्वांनी ते पाहणेच सोडले. संकेतस्थळाच्या वाहिनीसाठी आता १४ आवश्यक आहेत: नाव, फोटो, एचएसएन, बारकोड, आणि वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ऑनलाईन विक्रीत दाखवावे लागणारे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत, उगम देश, आणि अशीच काही. मराठीची पूर्णता ५१ वरून ८८ टक्क्यांवर आली आहे. ए ते ई असे गुण देणारी गुणवत्तेची पाटी मात्र आम्ही दुर्लक्षितच ठेवली आहे. आमच्या एल्बोला (पाईप वळवणाऱ्या जोडाला) ‘डी’ मिळतो, कारण त्याचे वर्णन दोन ओळींचे आहे, आणि एल्बोबद्दल तिसरी ओळ काय लिहावी हे मला अजून सुचलेले नाही.

आजपर्यंतचा खर्च: सर्व्हरचे वाढीव भाडे तीन महिन्यांचे ८,७००, मुलांचा रोज १३,२००, फोटो पुन्हा काढण्याचे ९,५००, म्हणजे एकूण ३१,४०० रुपये. माझे ५४ कामाचे दिवस यात धरलेले नाहीत. त्यांपैकी किमान १३ दिवस वर लिहिलेल्या चुकांत गेले.

अजून ७६४ नगांची मराठी नावे बाकी आहेत. त्यांतली बहुतेक सर्व्हिस सॅडलची (पाईपवर बसवून फाटा काढण्याच्या जोडाची) आहेत, जिथे एका नगाला दोन मापे असतात, ६३ मि.मी. वर अर्धा इंच. त्यांसाठी निवडयादीच्या प्रकारातले दोन अक्ष ठेवले आहेत. उद्या काउंटरवर दाखवून मगच भरायला घेणार आहे.